शनीची कडी मिटली त्या वर्षी

सर पहिल्यांदा दुकानात आले तेव्हा माझ्या कानाकडं बघून बोलत होते. मला वाटलं कानाला काही लागलंय. मी हात लावून बघितला, तसे ते हसले.

"कानाला काई न्हाई झालं. तुझ्या तोंडाकडं बघितलं की तुझं तोंड गायब होतंय. कानाकडं बघितलं की थोडं दिसतंय. डोळ्याच्या पडद्याला मधी भोक पडलंय."

मंठ्याच्या बाजारपेठेतल्या चष्म्याच्या दुकानात मी काचा घासतो. नंबराची गोल काच येते, ती फ्रेमच्या मापाची करून बसवायची. बारा वर्षं हेच करतोय. डोळ्याची तक्रार घेऊन रोज माणसं येतात, पण समोर बसलेल्याला माझं तोंडच दिसत नाही हे पहिल्यांदा ऐकलं. माझं तोंड वाकडं झालं. त्यांना दिसत नाही म्हणजे मी काय चेहरा करतोय तेही दिसत नसणार, हे लक्षात येऊन लगेच लाजही वाटली.

सर निवृत्त मास्तर. तालुक्यातल्या शाळांत विज्ञान शिकवलं. त्यांना चष्मा नको होता. काच चकाकवायची गुलाबी पावडर हवी होती आणि ती वापरता येणारा माणूस.

"आरसा करायचाय. दुर्बिणीचा. काच हाये, सामान हाये. एक हात पाहिजे, डोळ्यासकट."

माझं गाव राधानगरीच्या अंगाला. इथून एक रात्र आणि वर अर्धा दिवस. तिकडं पावसाचे चार महिने आभाळच दिसत नाही. इकडं आलो त्या पहिल्या आठवड्यात उकडतंय म्हणून अंगणात अंथरूण टाकलं, आणि वर एवढं उघडं आभाळ बघून मला झोप येईना. अंथरूण गुंडाळून परत आत घामात जाऊन पडलो. मी असाच आहे. फोन वाजला की आधी पोटात खड्डा पडतो, मग नाव बघतो. शाळा सातवीत सुटली. शेठनी मला कामावर ठेवताना शिक्षण विचारलं नव्हतं, एक काच हातात दिली आणि "घासून दाखव" म्हणाले. तेवढ्यावर पोट चाललंय. म्हणून कुणी "हात पाहिजे" म्हणालं की मला नाही म्हणता येत नाही. हात सोडला तर माझ्याकडं द्यायला काही नाही.

दुकान बंद असायचं त्या दिवशी मी सरांकडं जायला लागलो. त्यांचं घर गावाबाहेर, शेताला लागून. मागच्या खोलीत पाण्यानं भरलेला एक लोखंडी ड्रम, त्यावर फळी, फळीवर जाड गोल काच घट्ट बसवलेली. तसलीच दुसरी काच तिच्यावर ठेवायची. दोन्हींच्या मधे पाणी आणि घासायची भुकटी. वरची काच पुढं ढकलायची, मागं ओढायची, थोडी फिरवायची आणि ड्रमभोवती एक पाऊल सरकायचं. परत पुढं, परत मागं, परत पाऊल. असं तासन्‌तास. कुणी खळगा पाडायला जात नाही, तरी वरची काच, म्हणजे होणारा आरसा, मधे खोल होत जाते आणि खालची फुगत जाते. मला ते पटेना. मी अर्धा मिलिमीटरसुद्धा चुकू न देता काच घासणारा माणूस, आणि इथं नुसतं चालत राहिलं की आकार आपोआप येतो म्हणतात.

पहिल्या दिवशी सर म्हणाले, "अंगठी काढ. लोखंडाची दिसून राह्यली. काचंला ओरखडा पडंल."

माझ्या मधल्या बोटात घोड्याच्या नालेची अंगठी असायची. ती काढून खिशात ठेवली. बोटाला पांढरा पट्टा पडला होता.

काकू, म्हणजे सरांच्या मंडळी, दारात उभ्या राहून बघायच्या. "दोघंबी ड्रमभोवती फिरून राह्यले. सात फेरे कवाच झाले. आता अक्षता टाकू का?"

"तू आधी चहा टाक," सर म्हणायचे.

भुकटी बदलत जायची. आधी जाड रव्यासारखी, मग बारीक रव्यासारखी, मग मैद्यासारखी, शेवटची तर बोटाला लागायचीच नाही. आवाजही बदलत गेला. सुरुवातीला जात्यासारखा घरघर, पुढं फक्त सळसळ, आणि शेवटी शेवटी शेजारच्या खोलीत कुणीतरी झोपेत श्वास घेतंय असा. त्या टप्प्याला वरची काच हाताखाली तरंगायची. मी ढकलतोय की खालून कुणी ओढतंय, कळायचं नाही. मी मधेच हात काढायचो.

"काय झालं?"

"काही नाही सर. घाम पुसतो."

सर फेऱ्या मारता मारता शिकवायचे. पस्तीस वर्षांची सवय. मी शाळा सोडली त्यानंतर मला असं कुणी काही समजावून सांगितलेलं नव्हतं. एकदा त्यांनी घासलेल्या भुकटीचं गढूळ पाणी बोटावर घेऊन माझ्यापुढं धरलं.

"हे बघ. शनीची कडी म्हणजे हेच. काच न्हाई, बर्फ. धुळीच्या कणापासून घराएवढ्या ढेकळापर्यंत. सगळे आपापले फिरून राह्यले. लांबून बघणाऱ्याला वाटतंय एक सलग थाळी हाये."

"तो बर्फ आला कुठून?"

"एखादा चंद्र लई जवळ गेला असंल. ग्रहाची एक हद्द असती. तिच्या आत गेलं की जवळची बाजू जास्त ओढली जाती, लांबची कमी. मंग ते फाटतंय. आणि एकदा फाटलं की त्या हद्दीच्या आत परत जुळत न्हाई. जुळायला गेलं की पुन्हा फाटतंय. लाखो वर्षं नुसतं फिरायचं, एकमेकाला घासायचं."

मी चालायचा थांबलो होतो. सरांनी माझ्या खांद्याला ढकललं. "चाल. काच वाळंल."

त्यांना या कड्यांचं एवढं वेड का, तेही त्यांनीच सांगितलं. सूर्य नवा होता तेव्हा त्याच्याभोवतीही अशीच थाळी होती, धूळ, वायू, बर्फ. तिच्यातूनच पृथ्वी झाली, गुरू झाला, सगळे झाले. ते बघायला कुणी नव्हतं. पण शनीपाशी तो कारखाना लहान रूपात अजून चालू आहे. कड्यांत लहान लहान चंद्र आहेत, ते फिरता फिरता आपली वाट साफ करतात, तिथं काळी फट पडते. दोन चंद्र तर एका कड्याच्या दोन्ही अंगांनी चालतात, मेंढरं वळल्यासारखे कण आत ठेवतात. आता मोठमोठ्या दुर्बिणींतून दुसऱ्या कोवळ्या ताऱ्यांभोवती थाळ्या दिसतात, आणि त्यांच्यातही तशाच फटी. तिथं नवे ग्रह जन्माला येत असावेत, असं त्या फटींवरून ओळखतात.

"म्हंजी कडी बघायची ती कशासाठी? आपण कसे झालो ते बघायसाठी. फरक एवढाच, तिथं जुळायला बंदी हाये."

कडी कधी झाली यावर मात्र भांडण आहे म्हणाले. काही म्हणतात ग्रहाइतकीच जुनी. काही म्हणतात अलीकडची, कारण बर्फ फार स्वच्छ आहे. "जालन्याला स्टीलच्या कारखान्यापाशी दोरीवर पांढरा सदरा वाळत घाल. सदरा किती मळला त्यावरून सांगता येतंय किती दिवस टांगलाय. कडी मळली न्हाईत, म्हणून म्हणतेत नवी. तर दुसरे म्हणतेत, सदऱ्याला धूळ चिकटतच नसंल तर?"

"मग खरं काय?"

"मला काय माहीत? बघितलं कुणी?" आणि पुढं, "ती टिकणारबी न्हाईत. कण खाली शनीवर पडून राह्यले. पावसासारखे."

ते मी घरी जाऊन आठवत बसलो. तो पाऊस ज्याच्यावर पडतो, त्याची मला लहानपणापासून भीती होती.

आमच्या गावाच्या वेशीवर शनीची शिळा आहे, उघड्यावर, काळी. तिथला रिवाज असा की समोर उभं राहायचं नाही. बाजूनं जायचं, बाजूनं तेल घालायचं, डोळ्याला डोळा द्यायचा नाही. मी सहावीत असताना कुणीतरी नवसाचे चांदीचे डोळे बसवले. तेल घालायला वडलांबरोबर गेलो होतो. ते वाकले होते, आणि मी ते नवे डोळे बघायला सरळ समोर जाऊन उभा राहिलो. किती वेळ, आठवत नाही. डोळे ओले दिसत होते, तेलानं असणार. महिना झाला नसेल, वडलांना नदीवरच्या मोटारीचा शॉक बसला. मी कुणाला सांगितलं नाही. आईला आजपर्यंत सांगितलेलं नाही. शाळा सुटली, गाव सुटलं, अंगठी तेवढी राहिली.

आणि त्या वर्षी शनी माझ्याच राशीला आला होता. आईचा फोन यायचा. "मीन हाय तुझी. मधली अडीचकी चालू झालीया. शनवारी लोखांड घेऊ नगंस, तेल घाल, आणि कुठं समोर जाऊन हुबा ऱ्हाऊ नगंस, काय?"

"नाही गं आई."

मी तेव्हा दर आठवड्याला शनीसाठीच आरसा घासत होतो.

सरांना सांगायचं धाडस एकदा केलं, अर्धवट. साडेसातीचं काय खरं, असं विचारलं. सर खळखळून हसले. "आमच्या आज्यानं छप्पन साली सगळे देव गाठोड्यात बांधून विहिरीत सोडले. शनीबी त्यातच गेला. तेव्हापासून विहिरीला पाणी बराबर हाये." मग जरा मऊ आवाजात, "हे बघ, शनीला एक फेरा मारायला तीस वर्षं लागतेत जवळपास. राशी बारा. एकेका राशीला अडीच वर्षं. हिशोब तुमच्या पंचांगवाल्याचा बिलकुल बराबर. भीती तेवढी वरून घातलेली."

मी मान हलवली. ती त्यांना दिसली नसणार.

गुलाबी पावडरीनं काच चकचकीत झाली तेव्हा ती तपासायचं काम आलं. भरदुपारी खिडक्यांना गोधड्या लावून खोली अंधारी करायची. भिंतीपाशी आरसा उभा, या टोकाला बारीक फटीतून दिव्याचा उजेड, आणि डोळ्यापुढं दाढीच्या ब्लेडचं पान. पान थोडं सरकवलं की काचेवर सावली उमटते आणि एवढा वेळ गुळगुळीत दिसणारी काच फुगल्यासारखी वाटते, खाली कुणी तोंड घालून वर रेटतंय अशी. सावली कशी आहे ते मी सरांच्या तळहातावर बोटानं काढून दाखवायचो. ते म्हणायचे, मधे अजून थोडं घास, किंवा कडेला जाऊ नको. माझ्या बोटावर त्यांचा पूर्ण भरवसा होता.

एकदा तपासून झाल्यावर मी मागं सरकलो आणि आरशापुढं हवेत एक तोंड लटकलेलं दिसलं. उलटं. हनुवटी वर, कपाळ खाली. अशा आरशात असं दिसतं हे सरांनी मागं सांगितलं होतं, माझंच तोंड होतं ते. पण उलट्या तोंडाला ओळख राहत नाही. मला ते वडलांचं वाटलं. शेवटचं बघितलं होतं तेव्हा मी त्यांच्या डोक्याच्या बाजूला उभा होतो, त्यामुळं त्यांचं तोंड मला तसंच उलटं दिसलं होतं.

"काय दिसून राह्यलं?" सरांनी विचारलं.

"काही नाही सर. सावली सारखी आहे सगळीकडं."

ते खरंच होतं.

सरांनाही दिसायचं. ते लपवत नव्हते. डोळ्यातल्या त्या भोकात मेंदू काहीबाही भरतो म्हणाले. कधी जाळी, कधी भिंतीला टेकून बसलेल्या बाया, टोपल्या घेऊन. "परवा न्हाणीच्या दारात एकजण उभा. फेटा बांधलेला, लई सभ्य. मी म्हणालो, बसा."

"आणि मला चहा ठेवायला लावला!" काकू आतून ओरडल्या. "एक कप जास्तीचा. म्या कुणाला देऊ?"

संभाजीनगरच्या डॉक्टरनं सांगितलं होतं की हे वेड नाही. डोळ्याकडून काही येईनासं झालं की मेंदू स्वतःचं घालतो. डावा डोळा गेलाच आहे, उजव्यातलं भोक वाढतंय, कडेचं किती दिवस राहील सांगता येत नाही.

"आता ऐक," सर त्या दिवशी म्हणाले. "हा हिवाळा माझा हाये. पुढचा असंल का न्हाई, ठाव न्हाई. आरसा चांगला झाला असंल तर मी उजव्या डोळ्याच्या कडेनं बघून घेईन. वाईट असंल तर आत्ताच पुन्हा घासायला घेतला पाहिजे, न्हाईतर हिवाळा गेला. पण चांगला का वाईट, हे मला कळणार न्हाई. हा डोळा लबाड हाये. मी कडी बघायला बसलो तर तो कडी करून दाखवंल. म्हणून आधी तू बघायचं आणि सांगायचं. तेवढंच."

तेवढंच.

आरसा मोठ्या शहरातून चांदीसारखा मुलामा लावून आला. पाइपलाइनच्या जाड प्लास्टिकच्या नळीत बसवला, डोळा लावायचं भिंग आलं, सुतारानं पेटी केली. दिवाळी होऊन गेली होती. सरांनी वार बघितला नाही, आणि तो शनिवार निघाला. मी दुकानातून सातला सुटलो. पाय निघत नव्हता, तरी गेलो. स्लॅबवर दोघंच. थंडी पडायला लागली होती. खाली कापसाच्या शेतात बोंडं पांढरी दिसत होती, ओळीनं, कुणी उभं असल्यासारखी.

सरांनी नळीवरून बाजूनं नजर लावत, हातानं चाचपत रोख धरला. "दक्षिणेला, पिवळट, न लुकलुकणारा. आला असंल आत. बघ."

मी डोळा भिंगापाशी नेला आणि मिटून घेतला.

पापणीच्या आत काळोख, त्यात आपल्याच रक्ताचे ठिपके. किती वेळ थांबावं म्हणजे खरं वाटेल, याचा मी अंदाज घेत होतो. मग म्हणालो, "दिसली सर."

"काय दिसलं?"

"कडी. मोठी. थाळीसारखी." शाळेच्या पुस्तकातलं चित्र मी आठवून आठवून सांगत होतो. "तिरकी आहेत जरा. आणि मधे काळी फट आहे."

"फटबी दिसली?"

"हो सर. स्पष्ट."

ते चाचपत पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर जाऊन बसले. कापसाकडून वारा आला. मला वाटलं आनंद झालाय, म्हणून बसलेत.

"शनी तिरका फिरतोय," ते अगदी शांतपणे म्हणाले. वर्गात सांगतात तसं. "म्हणून कडी कधी उघडी दिसतेत, कधी मिटलेली. त्याच्या एका फेऱ्यात दोनदा अशी वेळ येती की ती आपल्यासमोर बराबर कडेनं येतेत. पावणेदोन लाख मैल रुंद, पण जाडीला दोन-तीन मजली घराएवढी. कडेनं काय दिसणार? एक रेघ. यंदा ती मिटलेली हायेत. थाळी यंदा कुणालाच दिसत न्हाई. जगात कुणालाच न्हाई."

मी तिथंच उभा.

"मी मुद्दाम सांगितलं न्हवतं. वाटलं, चित्रात नसलेलं काहीतरी तू बघशील. माझा डोळा मला खोटं दाखवतो, ते मी सहन केलं. म्हणून तर तुझा मागितला होता."

मी जिना उतरलो. काकूंनी "अरे, जेवून जा" म्हटलेलं ऐकू आलं.

पुढचे आठ-नऊ दिवस दुकानात काचा चुकल्या. दोन फुटल्या. शेठ म्हणाले, "ताप आला का?" मी हो म्हणालो, म्हणजे परत खोटंच. ज्या माणसानं सातवी नापास हाताला आरसा करायला शिकवलं, त्याला खोटं दाखवणाऱ्या, भिंतीपाशी बसलेल्या त्या बायांच्या रांगेत मी जाऊन बसलो होतो. आणि एकेक संध्याकाळ जात होती. आभाळ रोज स्वच्छ होतं. हे मला सगळ्यात जास्त खात होतं, की आभाळ थांबत नव्हतं.

शेवटी गेलो. काकूंनी दार उघडलं. "आलास? वर बसून राह्यले आठ दिवसांपासून. न बघता. त्या नळीची राखण करून राह्यले."

मी वर जाऊन सगळं सांगितलं. शिळा, चांदीचे डोळे, वडील, मोटार. कधीच कुणाला न सांगितलेलं, न थांबता. सर कानाकडं बघत ऐकत होते. मला वाटलं आता विहिरीतल्या देवांचं सांगून हसतील. ते हसले नाहीत.

"किती वर्षांचा होता तू?"

"अकरा."

"अकरा." ते पुटपुटले. "मी मास्तर होतो रे. अकरा वर्षांची पोरं पस्तीस वर्षं समोर बसली. त्यातल्या कुणाकुणाच्या पोटात असलं काय होतं, मी विचारलंच न्हाई कधी."

त्यांनी उठून नळीवर हात ठेवला. "तुमच्याकडं समोर उभं राहत न्हाईत म्हणालास. बाजूनं?"

"बाजूनं."

"मंग इकडं ये. भिंग कुठं हाये बघ. नळीच्या बुडाला न्हाई, बाजूला हाये. शनी तिकडं दक्षिणेला. तू उभा राहून बघणार, तर तुझं तोंड पूर्वेला. तू त्याच्या समोर हायेसच कुठं? समोर आरसा हाये. त्याला कुणाला बघायचं असंल तर आरशाला बघंल."

त्यांना स्वतःला यातलं काही खरं वाटत नव्हतं. तरी त्यांनी माझ्यासाठी तो रिवाज जपला. त्याबद्दल मी त्यांचा कायमचा ऋणी आहे.

मी रोख धरला. या खेपेला नीट. डोळा लावला आणि उघडा ठेवला.

आधी नुसता हलता उजेड. मग तो थांबला. काळ्याभोर पाण्यात एक लहानसा पिवळट मणी, आणि त्याच्यातून आरपार गेलेली सुई. दोन्ही बाजूंनी बाहेर आलेली, इतकी बारीक की श्वास सोडला की जायची आणि रोखला की यायची. आवाज नाही. एवढं मोठं काहीतरी आणि आवाज नाही. तो कुणाकडंच बघत नव्हता. मला याचीच जास्त भीती वाटली, की इतकी वर्षं मी ज्याच्या नजरेतून पळत होतो, त्याला नजरच नव्हती.

"बोल."

"मणी आहे सर. सुईत ओवलेला. रेघ बारीक आहे, सारखी जाते-येते. डाव्या अंगाला रेघेच्या ओळीत एक ठिपका आहे, वेगळा. आणि मण्याच्या पोटावरून एक काळी रेघ आहे, केसासारखी."

"काळी?"

"हो. उजेडाची नाही. काळी."

सर माझ्या दंडाला धरून उभे होते. बोटं रुतली. "ती कड्यांची सावली. शनीच्याच अंगावर पडलेली. हे मी तुला सांगितलं न्हवतं."

"नाही सर."

"पुस्तकातबी न्हाई तुझ्या."

"नाही."

"मंग आरसा चांगला हाये," ते म्हणाले, आणि दंड सोडायला विसरले.

त्या दिवसापासून पंधरा-वीस दिवस मी सकाळ-संध्याकाळ घरी फोन करत होतो. आई वैतागली. "काय रं, सारखा फोन? बरा हाईस न्हवं? म्हस इकायची न्हाई म्हणून सांगितलंय तुला." म्हैस विकायचा विषयच नव्हता. तिला काही झालं नाही. अजून बरी आहे. तरी एवढ्यानं माझी भीती गेली असं मी म्हणणार नाही. फोन वाजला की अजून खड्डा पडतो.

पण त्या संध्याकाळचं राहिलं. मी बाजूला झालो आणि सरांना स्टुलावर बसवलं. त्यांनी उजवा डोळा भिंगाला लावला आणि मान हळूहळू वळवली, नजर कडेनं आत जावी म्हणून. बराच वेळ तसेच. काकूही वर आल्या होत्या, पदर डोक्यावरून घेऊन, कधी नव्हे त्या गप्प.

"दिसतोय," सर म्हणाले.

मी आणि काकूंनी एकमेकांकडं बघितलं. आम्हाला दोघांनाही फेट्यावाला आठवला असणार. तो दिसला तेव्हाही त्यांना असंच दिसलं होतं.

त्यांना आमची शांतता कळली. डोळा न काढताच म्हणाले, "थांबा. डोळ्यातलं खोटं डोळ्याबरोबर फिरतं, त्याला कुठं जायचं नसतं. पृथ्वी फिरून राह्यली. खरा असंल तर हा मिनिटाभरात भिंगाबाहेर जाईल. मी सांगतो कवा गेला. तू बघ बराबर हाये का."

आम्ही थांबलो. मी मनात आकडे मोजायला लागलो आणि चुकलो, परत मोजायला लागलो. खाली रस्त्यानं एक टेम्पो गेला, त्याचा उजेड कापसावरून फिरून गेला. सरांची मान किंचित सरकत होती, कशाच्या तरी मागं जात असल्यासारखी. मग थांबली.

"गेला," ते म्हणाले.

त्यांना बाजूला सारून मी डोळा लावला. भिंगात नुसता काळोख होता, आणि अगदी कडेला, नळीच्या काठाआड बुडत चाललेली पिवळी धग.

"बरोबर आहे सर. आत्ताच गेला."

"मंग आण की परत," सर म्हणाले. "जल्दी."